आधी भय, मग कारण : थरारपटांच्या ट्रेलरांची दृश्यभाषा (प्रस्तावना)

चित्रपटगृहातील दिवे मालवल्यापासून मुख्य खेळ सुरू होईपर्यंतच्या अवधीत दोन-अडीच मिनिटांचे जे चित्रखंड पडद्यावर येऊन जातात, त्यांकडे निव्वळ जाहिरात म्हणून पाहण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे की, त्यांना स्वतःचे काही व्याकरण असेल, त्या व्याकरणाच्या मुळाशी मानवी मनाविषयीचे काही सिद्धान्त असतील, आणि ते सिद्धान्त पडताळून पाहणाऱ्या कारागिरांची शंभर वर्षांची एक परंपरा असेल, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या चित्रखंडांपैकी एकाच वर्गापुरता, म्हणजे थरारपटांच्या ट्रेलरांपुरता, मर्यादित ठेवला आहे. आणि ही मर्यादा विषयाच्या स्वरूपातूनच उद्भवलेली आहे. विनोदी चित्रपटाच्या ट्रेलरने दोन चांगले विनोद आगाऊ ऐकविले तरी त्याचा माल खर्ची पडत नाही. संगीतपटाने एखाद्या गीताचे धृपद आधीच कानांवर घातले तर त्याची मागणी उलट वाढते. परंतु थरारपटाचे सारे भांडवल एका गुपितात गुंतलेले असते, आणि गुपित ही अशी मालमत्ता आहे की जी दाखविताक्षणी दाखविणाऱ्याच्या हातून निघून जाते. भय तर दाखविले पाहिजे, कारण त्यावाचून प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीकडे वळणार नाही. आणि भयाचे मूळ तर दाखविता कामा नये, कारण ते दाखविले की तिकीट काढण्याचे प्रयोजनच उरत नाही. या पेचातून ट्रेलरकारांनी जी वाट काढली ती एका वाक्यात सांगण्याजोगी आहे : कार्य दाखवावे आणि कारण झाकावे. पुढील प्रकरणांत ज्या ज्या शॉटचा, ज्या ज्या संकेताचा विचार केला आहे, तो प्रत्येक या एकाच युक्तीचा आविष्कार आहे असे माझे मत आहे, आणि हे पुस्तक म्हणजे त्या मताची सविस्तर कैफियत होय.

पूर्वेतिहास येथे थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा फार मोठा भाग धंद्याचा इतिहास आहे, कलेचा नव्हे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्कस लो यांच्या नाट्यगृहांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीतिकेसाठी एक लहानसा चित्रखंड तयार केला, तो या प्रकाराचा आरंभ म्हणून सामान्यतः मानला जातो. प्रारंभी असे खंड खेळाच्या अखेरीस दाखवीत. परंतु खेळ संपला की प्रेक्षक उठून चालू लागतो हे ध्यानी आल्यावर ते खेळाच्या अगोदर आले आणि तेथेच स्थिरावले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या संस्थेकडे अमेरिकेतील बहुतेक मोठ्या स्टुडिओंच्या ट्रेलरांचा जणू मक्ताच अनेक दशके होता, आणि तिने जो साचा घालून दिला त्यात पडदाभर पसरणारी अक्षरे, नटनट्यांच्या नावांची ललकारी आणि निवेदकाचा गर्जणारा आवाज यांपलीकडे दृश्याला फारसे स्थान नव्हते. शॉट स्वतःच बोलू लागला तो १९६० नंतरच्या दशकात. त्या दशकाच्या उंबरठ्यावर जो एक ट्रेलर उभा आहे त्यापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे.

‘सायको’ हा आल्फ्रेड हिचकॉक यांचा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला, आणि त्याच्यासाठी केलेला ट्रेलर सहा मिनिटांहून अधिक लांबीचा आहे. आजच्या मापाने ही लांबी अवाढव्य वाटते. परंतु त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, त्या एवढ्या अवधीत मूळ चित्रपटातील एकही प्रसंग दाखविलेला नाही. स्वतः हिचकॉक, काळ्या पोशाखातले, संथ चालीचे, कथेतले खून जेथे घडतात त्या मोटेलच्या आवारात उभे राहून प्रेक्षकाला जागा दाखवीत फिरतात, आणि त्यांचा एकंदर आविर्भाव एखाद्या गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा करण्यास आलेल्या निर्विकार अधिकाऱ्याचा असतो. मागे सौम्य, काहीसे खेळकर संगीत चाललेले असते. मोटेलमागच्या टेकडीवरच्या घराचा जिना चढताना ते सांगतात की दुसरा खून येथे घडला. देह कसा कोसळला हे हातांच्या हालचालींनी दाखवू लागतात आणि मध्येच थांबतात. एका चित्रापाशी येऊन या चित्राला फार महत्त्व आहे असे म्हणतात, आणि का, ते सांगण्यापूर्वी पुढच्या खोलीकडे वळतात. स्नानगृहात शिरल्यावर आता येथे सारे स्वच्छ केले आहे असे सांगून, पूर्वी येथे काय अवस्था होती याचे वर्णन करू पाहतात आणि ते अवर्णनीय असल्याचे सांगून सोडून देतात. शेवटी त्यांचा हात पडद्याकडे जातो, पडदा सर्रकन बाजूला होतो, आणि किंचाळणाऱ्या एका स्त्रीमुखाचा पडदाभर क्लोज-अप येतो. त्या क्लोज-अपमधली नटी चित्रपटात त्या स्नानगृहात मारली जाणारी जॅनेट ली नव्हे; केसांचा टोप चढविलेली व्हेरा माइल्स आहे.

या रचनेचा जितका विचार करावा तितकी तिची सूक्ष्मता पटत जाते. चित्रपटातील स्नानगृहाचा प्रसंग चित्रित करण्यासाठी कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या कराव्या लागल्या आणि संकलनात त्यात ५२ कट आले, ही संख्या आता चित्रपटाच्या अभ्यासकांना पाठच झाली आहे. ट्रेलरने त्या सगळ्याच्या जागी एकच पडदा आणि एकच किंकाळी ठेवली. सुरा नाही, रक्त नाही, मारेकऱ्याची आकृती नाही. आहे तो फक्त परिणाम, आणि तोही एका चेहऱ्यावर. त्यातही रिकाम्या खोल्या दाखविण्याची जी युक्ती आहे ती मला सर्वांत मोलाची वाटते. खून झालेली जागा खून होऊन गेल्यानंतर, माणसे निघून गेल्यानंतर, झाडून पुसून ठेवलेली अशी दाखविली की पाहणाऱ्याच्या मनाला ती रिकामी सोसवत नाही, ते आपल्या पदरचे काहीतरी तेथे आणून ठेवते. आणि प्रत्येकाने आणून ठेवलेले ते काहीतरी दिग्दर्शकाच्या कल्पनेपेक्षा त्याला अधिक भिववणारे असते, कारण ते त्याच्याच मनाच्या तळघरातून वर आलेले असते. जिना, दार, आरसा, पडदा, दिव्याखालची रिकामी खुर्ची, हे जे आज प्रत्येक थरारपटाच्या ट्रेलरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात नेमाने दिसतात, त्यांचे कुळ या सहा मिनिटांपर्यंत पोचते.

आता चेहऱ्याकडे वळू. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी १९२० च्या सुमारास केलेला म्हणून प्रसिद्ध असलेला एक प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जातो : मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा रश्शाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला असता प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर पहिल्या वेळी भूक आणि दुसऱ्या वेळी शोक दिसू लागला. यावरून असा सिद्धान्त निघाला की शॉटचा अर्थ शॉटमध्ये नसून शेजाऱ्यात असतो. थरारपटाच्या ट्रेलरने हा सिद्धान्त अर्धाच स्वीकारला, आणि त्या अर्धेपणातच त्याचे सामर्थ्य आहे. तो चेहरा दाखवितो. डोळे विस्फारलेले, ओठ किंचित विलग, नजर चौकटीबाहेर कोठेतरी खिळलेली. आणि त्या नजरेने जे पाहिले ते दाखविणारा दुसरा शॉट मात्र तो दप्तरात अडकवून ठेवतो. चित्रपटात या चेहऱ्यानंतर दोन सेकंदांत उत्तर येते; ट्रेलरमध्ये त्याच्यानंतर भलत्याच ठिकाणचे, भलत्याच वेळचे, पावसात उभ्या असलेल्या मोटारीचे किंवा जळणाऱ्या छायाचित्राचे दृश्य येते, आणि मन त्या दोहोंमध्ये बळेच कार्यकारणाचा दोरा ओवू लागते. हा दोरा बहुतेक वेळा खोटा असतो. चित्रपट पाहताना आपल्या ध्यानात येते की ती बाई मोटारीला भ्यालीच नव्हती, ती आपल्या मुलाच्या प्रश्नाने दचकली होती. पण तोपर्यंत ट्रेलरने आपले काम उरकलेले असते.

चेहऱ्याहूनही जवळ जावे तर डोळा येतो, आणि या डोळ्याच्या बाबतीत आपल्याकडचा एक दाखला देणे अगत्याचे आहे, कारण तो अभिमानाने देण्याजोगा आहे. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आल्यावर तिने काढलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाच्या साहाय्याने राजगुरूच्या डोळ्याचा जो प्रचंड क्लोज-अप घेतला, तो भारतीय चित्रपटात त्या भिंगाच्या वापराचा पहिला नमुना म्हणून गणला जातो. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांची होती आणि मराठीत केशवराव दाते यांची. धर्मसत्तेच्या क्रौर्याचे वर्णन करण्यास संवादांची चळत लागली असती; शांतारामांनी तेथे एक बुबुळ ठेवले. येथे ‘सायको’शी तुलना करण्यासारखी आहे. तेथे स्नानगृहाच्या फरशीवर पडलेल्या मृत स्त्रीच्या उघड्या डोळ्यापासून कॅमेरा गरगरत मागे सरतो, आणि तो डोळा आता काहीही पाहत नसतो. ‘अमृतमंथन’मधला डोळा मात्र आपल्यालाच पाहत असतो. पाहणारा डोळा आणि विझलेला डोळा, या दोन ध्रुवांमध्येच आजचे ट्रेलर डोळ्याचा क्लोज-अप खेळवीत असतात, आणि तो कोणत्या ध्रुवाचा आहे हे शेवटपर्यंत कळू न देणे ही त्यांची खुबी असते.

दाराचा आणि लांब बोळाचा जो संकेत आहे त्याची परमावधी मला स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) च्या ट्रेलरमध्ये दिसते. संपूर्ण ट्रेलर म्हणजे एकच शॉट आहे. कॅमेरा तिळभरही हलत नाही. समोर हॉटेलातल्या लिफ्टची दोन बंद तांबडी दारे, दोन्ही बाजूंस मांडलेले सामान, आणि या निश्चल चित्रावरून खालून वर संथपणे सरकत जाणारी चित्रपटाची व कलावंतांची नावे. पाठीमागे वेंडी कार्लोस आणि रेचेल एल्काइंड यांचे हळूहळू चढत जाणारे संगीत. बराच वेळ काही घडत नाही, आणि हे न घडणे इतके ताणलेले असते की पाहणाऱ्याची दृष्टी नावांवरून ढळून दारांवर खिळते. मग डाव्या दाराच्या फटीतून रक्त पाझरू लागते, पाहता पाहता त्याचा लोंढा होतो, संथगतीने भिंतींवर आदळत तो पुढे येतो, सामान तरंगू लागते आणि अखेरीस भिंगच तांबड्याने झाकून जाते. सर्व प्रेक्षकवर्गासाठी असलेल्या ट्रेलरमध्ये रक्त दाखविण्यास तेव्हा मनाई होती, आणि ते गंजलेले पाणी आहे असे सांगून कुब्रिक यांनी मंजुरी मिळविली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या शॉटमध्ये एकही मनुष्य नाही, एकही शस्त्र नाही, रक्त कोणाचे याचा खुलासा नाही, आणि लिफ्टमध्ये एवढे रक्त साठेलच कसे हा साधा व्यावहारिक प्रश्नसुद्धा पाहताना सुचत नाही, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. कार्य इतके प्रचंड आणि कारण इतके पूर्णपणे गैरहजर, असा दुसरा ट्रेलर माझ्या पाहण्यात नाही.

कॅमेऱ्याच्या हालचालींचे संकेत पुष्कळ आहेत; त्यांपैकी तिरक्या चौकटीविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. कॅरोल रीड यांनी ‘द थर्ड मॅन’ (१९४९) मध्ये युद्धाने भग्न झालेले व्हिएन्ना सातत्याने कललेल्या चौकटीत पकडले, आणि ते पाहून विल्यम वायलर यांनी कॅमेऱ्यावर ठेवण्यासाठी म्हणून त्यांना एक पाणसळ भेट पाठविली असे सांगतात. तेथे ती तिरपी नजर एका नीतिभ्रष्ट नगरीचे चित्र होती, आजच्या ट्रेलरांत ती बव्हंशी एक निर्जीव सवय होऊन बसली आहे. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये छायाचित्रकार अर्मिन रॉबर्ट्स यांनी सिद्ध केलेली युक्ती, की ज्यात कॅमेरा मागे सरत असतानाच भिंग पुढे ओढून घेते आणि वस्तू जागच्या जागी राहून तिच्यामागची पोकळी मात्र ताणली जाते, तिचे मोल निराळे आहे. जिन्याची प्रतिकृती आडवी ठेवून तो शॉट १९,००० डॉलरांत उरकला असे हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्राँस्वा त्रूफो यांना पुढे सांगितले. भयाने पायांखालची जमीन सरकते असे आपण म्हणतो, ते या शॉटने अक्षरशः करून दाखविले. परंतु ट्रेलरच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरलेली हालचाल याहून पुष्कळ साधी आहे : कॅमेऱ्याने एखाद्या वस्तूकडे सावकाश, जवळजवळ न कळत, पुढे सरकत जाणे. येथे प्रश्न उभा राहतो तो असा की, पुढे जात आहे तो कोण? निवेदक, प्रेक्षक, की मारेकरी? ‘जॉज’ (१९७५) च्या ट्रेलरमध्ये पाण्याखालून कॅमेरा वेगाने पुढे जातो आणि पर्सी रॉड्रिग्ज यांचा घनगंभीर आवाज कोट्यवधी वर्षे टिकून राहिलेल्या एका प्राण्याचे वर्णन करू लागतो, तेव्हा आपण त्या प्राण्याच्या, म्हणजे शार्क माशाच्या, डोळ्यांनी पाहत असतो आणि म्हणूनच मासा दिसत नाही. चित्रीकरणाच्या वेळी यांत्रिक मासा वारंवार नादुरुस्त होत असल्यामुळे स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो झाकून ठेवणे भाग पडले ही हकीकत सर्वश्रुत आहे. कारण झाकण्याचा जो धर्म ट्रेलरला स्वेच्छेने पाळावा लागतो, तो त्या चित्रपटाला परिस्थितीने पाळावयास लावला.

शॉटपेक्षाही दोन शॉटांमधल्या काळोखाचे शास्त्र मला अधिक विचारणीय वाटते. नळ टपकत असताना माणसाला झोप येत नाही ती थेंबाच्या आवाजाने नव्हे, पुढच्या थेंबाची वाट पाहण्याने येत नाही. ट्रेलरमधली काळी चौकट हेच करते. दृश्य आले, पडदा काळा झाला, क्षणभर निःशब्द, पुन्हा दृश्य; हे तीन-चार वेळा समान अंतराने घडले की शरीरच ताल धरू लागते, आणि मग संकलक तो ताल एकदा मोडतो, म्हणजे काळोख अपेक्षेपेक्षा अर्धा सेकंद अधिक टिकतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात प्रेक्षक पूर्णपणे त्याच्या हाती असतो. ‘एलियन’ (१९७९) चा ट्रेलर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात संवाद नाही. अंधारात तरंगणारे एक अंडे, त्याला पडणारी फट, फटीतून येणारा प्रकाश, आणि त्यानंतर भोंग्यासारख्या कर्कश नादावर क्रमाने आखूड होत जाणारे शॉट, की ज्यांतील एकाचाही अर्थ लागण्याइतका वेळ मिळत नाही. अखेरीस अंतराळात किंकाळी कोणाला ऐकू जात नाही अशा आशयाचे एक वाक्य. ते अंडे मूळ चित्रपटातील चामडी आवरणाच्या अंड्याशी रूपाने जुळतसुद्धा नाही. ट्रेलर येथे चित्रपटाचा सारांश राहिलेला नाही; त्याने स्वतःची स्वतंत्र प्रतिमा घडविली आहे.

ध्वनीच्या संकेतांना या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, यास्तव येथे दोनच गोष्टी नमूद करतो. डॉन लाफोंटेन यांच्यासारख्या निवेदकांनी आपल्या खर्जातील आवाजाने हजारो ट्रेलरांवर मोहोर उमटविली. २००८ साली त्यांचे निधन झाले, आणि त्याच सुमारास निवेदनाची प्रथाही ओसरू लागली. तिची रिकामी झालेली जागा पितळी वाद्यांच्या त्या प्रचंड हुंकाराने घेतली, जो ‘इन्सेप्शन’ (२०१०) च्या ट्रेलरांनंतर अनुकरणाने अगदी झिजून गेला. दुसरी गोष्ट डेव्हिड फिंचर यांच्या ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ (२०११) या चित्रपटाच्या पहिल्या ट्रेलरची. त्यातही संवाद नाहीत. एका जुन्या रॉक गीताची नवी, कर्कश आवृत्ती आहे, आणि प्रत्येक कट तिच्या ठोक्यावर पडतो. परंतु त्या शेकडो शॉटांच्या भडिमारातून एक दृश्य पुनःपुन्हा येते : बर्फातल्या रस्त्यावरून एका मोठ्या वाड्याकडे सरळ पुढे जाणारा कॅमेरा. दर वेळी वाडा थोडा जवळ आलेला असतो. बाकीचे शॉट डोळ्यांपुढून निसटून जातात, पण त्या वाड्याकडे आपण जात आहोत ही जाणीव कायम राहते, आणि त्यामुळे सारा गोंधळ एका दिशेने वाहू लागतो. संकलकाची अशी शिस्त दुर्मीळ आहे, आणि ती जेथे आढळते तेथे तिचा मुक्त कंठाने गौरव केला पाहिजे.

या कलेवर कायद्याचा आणि धंद्याचा जो अंमल आहे त्याचाही विचार ओघाने येतो. अमेरिकेत चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेच्या मंजुरीची हिरवी पाटी ट्रेलरच्या अग्रभागी झळकते आणि प्रौढांसाठीच्या ट्रेलरला तांबडी पाटी लागते. लांबीची प्रचलित मर्यादा अडीच मिनिटांची, ती दोन मिनिटांवर आणावी अशी शिफारस तेथील चित्रपटगृह-मालकांच्या संघटनेने २०१४ साली केली, परंतु ती ऐच्छिक असल्याने तिची सक्ती झाली नाही. आपल्याकडे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये चित्रपटगृहात दाखवावयाच्या ट्रेलरलाही मुख्य चित्रपटाप्रमाणेच प्रमाणपत्र लागते. ही बंधने कलेला जाचक होतात असा सार्वत्रिक समज आहे. मला तो पटत नाही. जखम दाखविण्यास मनाई झाली म्हणूनच जखमेकडे पाहणारा चेहरा आला, प्रेत दाखविण्याची मुभा नव्हती म्हणूनच चादरीचा हललेला कोपरा आला. झाकण्याची जी कला आपण येथे वाखाणत आहोत तिचा निम्मा भाग हुकमाच्या धाकाने शिकलेला आहे.

याच्या उलट, कोणीही मनाई केलेली नसताना ट्रेलर जेव्हा आपणहून सर्व काही सांगून टाकतो, तेव्हा होणारी हानी मला अतिशय बोचते. रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘व्हॉट लाइज बिनीथ’ (२०००) या थरारपटाच्या ट्रेलरने कथेतील कळीची गोष्ट आधीच उघड केली. त्यावर टीका झाली तेव्हा, आपली स्वतःची अभिरुची तशी नसली तरी प्रेक्षकाला काय पाहावयास मिळणार हे अगोदर जाणून घ्यावयाचे असते, असे बाजाराच्या अभ्यासावरून आढळते, अशा आशयाचे समर्थन त्यांनी केले. बाजाराच्या दृष्टीने हे खरेही असेल. परंतु तेवढ्यावरून थरारपटाच्या प्रेक्षकाविषयी जे अनुमान काढले जाते ते मला अन्यायाचे वाटते. हिचकॉक यांनी त्रूफो यांच्याशी बोलताना टेबलाखालच्या बाँबचा दाखला दिला होता : बाँब अकस्मात फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल. ट्रेलरने या दोहोंमधली एक तिसरी अवस्था शोधून काढली आहे. बाँब आहे हे तो सांगतो. कोणत्या टेबलाखाली आहे हे सांगत नाही. म्हणून चित्रपट पाहावयास बसलेला माणूस प्रत्येक टेबलाकडे संशयाने पाहतो, आणि दिग्दर्शकाने ज्या साध्या दृश्यांत भय पेरलेलेच नव्हते, तेथेही ते उगवते. टेबल कोणते हे सांगणारा ट्रेलर प्रेक्षकाची ही सारी मेहनत हिरावून घेतो, आणि ज्या दिग्दर्शकाच्या नावाने तो दाखविला जातो त्याच्याशीही अपराध करतो.

‘त्याच्याशीही’ असे म्हणण्याचे कारण, ट्रेलर बहुधा दिग्दर्शक करीत नाही. तो करणारे संकलक अन्य संस्थांत, अन्य दालनांत बसलेले असतात. पुष्कळदा चित्रपट पुरा होण्यापूर्वीच त्यांच्याकडे कच्चे चित्रीकरण येते. श्रेयनामावलीत त्यांचे नाव सहसा नसते. पाब्लो फेरो यांनी ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) साठी अक्षरे व चित्रे यांचा जो झपाट्याचा ट्रेलर केला, किंवा अँड्र्यू क्यून यांनी त्याच वर्षी ‘द नाइट ऑफ द इग्वाना’साठी केला, त्यांची नावे उशिरा का होईना अभ्यासकांच्या तोंडी आली, बाकी बहुतेकांची नावे चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेली नाहीत. या अनाम कारागिरांविषयी वाटणारा आदर हेही प्रस्तुत लेखनामागचे एक कारण आहे, आणि ते मी झाकून ठेवू इच्छीत नाही.

वाचकाला एक सूचना करावीशी वाटते. पुढील प्रकरणे वाचण्यापूर्वी त्याने स्वतःच्या पसंतीचा कोणताही एक ट्रेलर घ्यावा; तो एकदा आवाज बंद करून पाहावा, एकदा डोळे मिटून नुसता ऐकावा, आणि तिसऱ्या वेळी थांबत थांबत पाहून वहीत दोन रकाने आखून घ्यावेत. पहिल्या रकान्यात प्रत्येक शॉटमध्ये काय दिसते ते लिहावे : चेहरा, दार, हात, धावणारी पावले, काळोख. दुसऱ्या रकान्यावर ‘कशामुळे’ असा मथळा घालून तो कोरा ठेवावा. ‘द शायनिंग’च्या बाबतीत पहिल्या रकान्यात एकच ओळ येईल, आजच्या एखाद्या ट्रेलरच्या बाबतीत पाने भरतील. मग चित्रपट पाहून यावा आणि दुसरा रकाना भरण्यास बसावे. त्यातल्या बहुतेक जागा भरतील. काही जागा मात्र कोऱ्याच राहतील, कारण ते शॉट चित्रपटात मुळी नसतातच, ते ट्रेलरसाठीच घेतलेले किंवा संकलनात गळलेले असतात; अशा शॉटांचा विचार शेवटच्या प्रकरणात केला आहे.